किल्ला पाहून गाड्या परततात, गावात काय उरते?

डिसेंबरमधल्या एखाद्या रविवारी सकाळी राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहून पाहा. मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग गावातल्या अरुंद रस्त्यावर लागलेली असते. पर्यटक शिडाच्या होडीत बसतात, जंजिऱ्याच्या दरवाजाशी उतरतात, कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढतात आणि तासा-दीड तासात परततात. जेवण आणि मुक्काम बहुतेकांचा दुसरीकडे कुठेतरी, बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये. गावाच्या वाट्याला होडीचे भाडे, शहाळ्याचे पैसे आणि प्लास्टिकच्या बाटल्या येतात.

पर्यटन वाढले की गावाचा विकास होतो, असे आपण गृहीत धरतो. पण पर्यटकांची संख्या वाढणे आणि गावाची कमाई वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यटनाची प्रत्येक योजना मांडताना पहिला प्रश्न हा असायला हवा: शंभर रुपये आले, तर त्यातले किती गावात राहतात आणि ते कोणाच्या हाती जातात?

मुरुड परिसरासाठी हा प्रश्न आज तातडीचा आहे. इथली घरे पिढ्यान्‌पिढ्या नारळ-सुपारीच्या वाड्या, मासेमारी आणि आखातातून येणारा पैसा यांवर चालली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे नवे झाड लावले तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. आखातातल्या नोकरीचा भरवसाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्यातच जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांतील 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जंजिरा त्या यादीत नाही, पण खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरची वर्दळ वाढणार, हे उघड आहे. ती कोणाच्या अटींवर वाढणार, हे मात्र अजून ठरलेले नाही.

जेट्टीचेच उदाहरण घ्या. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी हेलकावत असताना पायरीवर उडी मारावी लागते. वृद्ध, लहान मुले आणि अपंग व्यक्तींसाठी ते धोक्याचे आहे. किल्ल्याजवळ जेट्टी बांधण्याचा शासनाचा प्रकल्प म्हणूनच योग्य आहे. पण आजवर ही अडचणच गर्दीला लगाम घालत होती. उतरणे सोपे झाले की मोठ्या यांत्रिक बोटी येऊ शकतील, एका वेळी शेकडो माणसे उतरू शकतील. मग राजपुरीच्या कोळी आणि मुस्लिम होडीवाल्यांचे काय? आज त्यांच्या होड्या सहकारी संस्थांमार्फत चालतात. शीड हाकणारा माणूसच वाटेत सिद्दींचा इतिहास सांगतो. उद्या ठेका बाहेरच्या कंपनीकडे गेला, तर तोच माणूस तिच्याकडे रोजंदारीवर लागेल. जेट्टी जरूर व्हावी. पण बोटींचे परवाने प्रथम स्थानिक संस्थांना मिळतील, शिडाच्या होड्या चालू राहतील आणि दिवसाला किती माणसे किल्ल्यावर जातील, हे आधीच लेखी ठरले पाहिजे.

स्थानिकांना दूर ठेवण्याची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. ती मुले गेली तेव्हा अनेक घरांत चूल पेटली नव्हती. भरती-ओहोटी कधी, ओढ कुठे, पाण्यात कुठवर जायचे, हे किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या पोराला ठाऊक असते. त्याला प्रशिक्षण आणि नियमित पगार देऊन जीवरक्षक नेमणे हा पर्यटन आराखड्यातला पहिला खर्च असायला हवा. सुशोभीकरण नंतर.

हे जमू शकते का? आपल्याच कोकणात जमलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले वेळास पाहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. 2006 पासून गावकऱ्यांसोबत कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला आलेली माणसे गावकऱ्यांच्या घरात राहतात आणि तिथेच जेवतात. त्यामुळे खोलीचे आणि ताटाचे पैसे थेट त्या घरात जातात. कासव वाचले तर चूल पेटते, हे गावाला कोणी भाषणातून समजावण्याची गरज उरली नाही.

मुरुड-राजपुरीकडे दाखवण्यासारखे कमी नाही. खोकरीला सिद्दी सरदारांचे भव्य घुमट आहेत, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. फणसाडचे अभयारण्य जवळ आहे. नवाबांच्या शिकारीचे हे जंगल 1986 मध्ये अभयारण्य झाले. किल्ला, खोकरी आणि फणसाड एकत्र जोडले, तर पर्यटक एक रात्र थांबेल आणि गर्दीही विभागेल. रात्र थांबला, तरच पैसा घरात येतो.

घरे तर आहेतच. कर्ते पुरुष परदेशी किंवा मुंबईत, आणि मोठ्या घरात दोन-तीन बायका, असे चित्र आपल्या मोहल्ल्यांत नवे नाही. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण किनारपट्टीत स्थानिकांना आपल्या घराचा चौथरा, रचना आणि दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवता येतो. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ धोरणात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची तरतूद आहे. तांदळाची भाकरी, माशाचे सालन आणि सांदण करणाऱ्या हातांना यातून हलाल कमाई मिळू शकते. परका माणूस घरात कसा ठेवायचा, ही भीती खरी आहे. तिचे उत्तर वेगळा दरवाजा, फक्त कुटुंबांना प्रवेश, ओळखपत्राची नोंद असे साधे नियम करून देता येते. हे नियम जमातीने आणि बचत गटांनी मिळून करावेत, आणि ते करताना बायकांचे ऐकावे, कारण राबणार त्याच आहेत.

आता माझ्या कामाच्या क्षेत्राविषयी. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, म्हणून ‘ऑनलाइन या, धंदा वाढेल’ हा सल्ला मीही दिलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. बुकिंगची मोठी ॲप्स साधारण 15 टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन घेतात. यादीत वर कोण दिसणार, हे ती ठरवतात आणि ग्राहकाची माहितीही त्यांच्याकडेच राहते. दोन खोल्यांचे घर चाळीस खोल्यांच्या रिसॉर्टशी त्या यादीत स्पर्धा करू शकत नाही. त्यापेक्षा गावाची एकच बुकिंग व्यवस्था असावी: एक फोन नंबर, एक साधे पान, ठरलेले दर आणि पाळीनुसार घरांना पाहुणे. हे बांधायला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. आपल्या समाजात माझ्यासारखे इंजिनियर गावोगावी आहेत; सुट्टीत गावी गेल्यावर चार दिवस या कामाला देणे अवघड नाही.

यावर आक्षेप येतो की स्थानिकांच्या हाती दिले की मनमानी दर, दादागिरी आणि भाऊबंदकी सुरू होते. आक्षेप निराधार नाही. म्हणूनच धक्क्यावर दरफलक, प्रत्येक पैशाची पावती आणि गावनिधीचा हिशेब दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर, या अटी आपण स्वतःवर लादल्या पाहिजेत. बाहेरच्यांकडे पारदर्शकता मागायची, तर आपली वही आधी उघडी हवी.

आणि पर्यटक म्हणून आपण कसे वागतो? ईदनंतर किनाऱ्यावर पडलेल्या थर्माकोलच्या ताटल्या मी पाहिल्या आहेत, त्या आपल्याच होत्या. कुरआन माणसाला जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचा शेवट काय झाला हे पाहायला सांगतो. जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिराचाही समावेश आहे. पण मुसाफिराचा हक मानणारा दीन यजमानाच्या जमिनीची नासाडी खपवून घेत नाही. ज्या गावात जातो त्याचे पाणी, किनारा आणि इज्जत ही आपल्याकडे अमानत असते.

पावसाळ्यात जंजिरा पर्यटकांसाठी बंद असतो. धक्का शांत असतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. 15 ऑगस्टची ग्रामसभा याच दिवसांत येते. त्या सभेत तीन ठराव मांडावेत: रोजच्या पर्यटकांची मर्यादा, बोटींच्या परवान्यात स्थानिकांना प्राधान्य आणि गावनिधीचा जाहीर हिशेब. कोळीवाडा आणि मोहल्ला एकत्र बसले तर हे ठराव मंजूर होतील. हंगाम सुरू झाल्यावर गाड्यांच्या रांगेत उभे राहून तक्रार करण्यापेक्षा, रांग लागण्यापूर्वी नियम ठरवलेले बरे.