झाडांवर आळ

धार आणि देवास ही माळव्यातील गावे मराठी माणसास परकी नाहीत. पवारांची ही संस्थाने 1948 साली मध्य भारतात विलीन झाली, पण तेथील वाड्यांतील मराठी बोली त्यामुळे विझली नाही. पुढे 1955 साली आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले. चिंचेच्या किंवा वडाच्या गर्द छायेतील घरातही ते स्वच्छ ऐकू येई, आणि सूर्यास्तानंतर मुंबईसारखे दूरचे केंद्रही लागे. त्या काळी रेडिओ खरखरला तर कोणी झाडाला दोष दिला नाही.

आज चित्र पालटले आहे. मोबाईल लागेना, दूरदर्शन संचाची तबकडी चालेना, की पहिली दृष्टी अंगणातील झाडाकडे वळते. माळव्यात जे घडते ते आमच्या सत्तरी-सांग्यातही घडते. हा आळ सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही; पण तो अर्धाच खरा आहे, आणि अर्ध्या सत्यावर कुऱ्हाड चालविणे बरे नव्हे.

इंदूरची मध्यम लहर 648 किलोहर्ट्झची होती, म्हणजे एका लहरीची लांबी सुमारे 463 मीटर. एवढ्या लांब लहरीला आंब्याचे झाड म्हणजे समुद्राच्या लाटेपुढे उभी केलेली काठी. एफ.एम.ची लहर तीन मीटरांच्या आसपास येते. दाट राईत ती थोडी क्षीण होते. मोबाईलची लहर वीतभर किंवा त्याहूनही आखूड असते आणि तबकडीची तर अवघी अडीच सेंटिमीटर. येथे मात्र पान आडवे येते. अडचण पानापेक्षा पानातील पाण्याची अधिक असते: ते लहरीची शक्ती शोषून घेते, आणि डहाळ्या उरलेली इतस्ततः विखुरतात. म्हणूनच धार जिल्ह्यातील साग-पळसाच्या रानात पानगळीनंतर जी तबकडी निर्वेध चालते, तीच श्रावणात रुसते. मांडवगडच्या गोरखचिंचाही वर्षातले कित्येक महिने निष्पर्ण असतात; त्यांच्या आडोशाला उन्हाळ्यात तबकडी बसविणाऱ्याने पावसाळ्याचा विचार आधीच केलेला बरा.

उपाय साधा आहे. तबकडी दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला वळून, बरीच आकाशाकडे पाहते. तेवढ्या पट्ट्यात येणारी फांदी छाटावी किंवा तबकडीच चार हात सरकवावी. त्यासाठी बुंध्याला हात लावण्याचे कारण नाही. गोव्यात तर 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्यास परवानगी लागते, हेही ध्यानी असावे.

मोबाईलची गोष्ट निराळी. देवास बहुतांशी सपाटीवर वसले आहे. माताजींची टेकडी सोडली तर आडोसा म्हणावा असे फारसे काही नाही. उलट मांडवगडाच्या दक्षिणेला विंध्याचा कडा नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरतो. अशा कड्याच्या पायथ्याशी आखूड लहर पोहोचत नाही, मग तेथे एकही झाड नसो. सह्याद्रीच्या पायथ्याशी आमचीही तीच अवस्था. 2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा सत्तरी-सांग्यातील मुले अभ्यासासाठी डोंगर चढून गेली. ती रानातूनच चढली आणि उंचावर, झाडांच्या संगतीतच त्यांना संपर्क लाभला. आड आला होता तो डोंगर, आणि उणीव होती ती मनोऱ्यांची. जेथे गिऱ्हाईक थोडे तेथे मनोरा उभारण्यास कंपन्या राजी नसतात, हे उघड गुपित आहे.

मध्यम लहरीला डोंगराचाही फारसा अडसर होत नाही. ती त्याला वळसा घालून पलीकडे उतरते. तरीही देशभरात अनेक ठिकाणची मध्यम लहरींची प्रक्षेपणे एकामागून एक बंद करण्यात आली. त्यांना वीज फार लागते आणि यंत्रे जुनी झाली, ही कारणे खोटी नाहीत. परंतु मे 2021 च्या तौक्ते वादळात गोव्यात वीज गेली, मोबाईलही मुके झाले, तेव्हा दोन सेलांवर चालणारा रेडिओ ज्याच्या घरी होता त्याला त्याचे मोल विचारावे. दऱ्याखोऱ्यांतील वस्त्यांपर्यंत दुसरे साधन पोहोचल्याची खात्री होईपर्यंत उरलेली मध्यम लहर चालू ठेवावी, एवढीच आमची प्रसारण खात्याकडे मागणी आहे.