लाल रंगाचा पांढरा हत्ती

निवृत्तीचे पैसे हाती आले की तरुणपणी जे परवडले नाही ते घ्यावेसे वाटते. त्यात जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचा मोह फार वाईट. ही हौस आहे असे म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण "ही गुंतवणूक आहे, किंमत वाढतच जाणार," असे कोणी सांगू लागला, की उभा जन्म बँकेत घालवलेला मी सावध होतो. सोनेही व्याज देत नाही, पण ते लॉकरमध्ये निमूट पडून राहते. मोटार उभी असली तरी विमा, छप्पर आणि बॅटरी यांचा घास मागतेच.

इंग्लंडातली एमजीबीच घ्या. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. हिला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दाराखालचे उंबरे आतून पोकळ. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ती खारी ओल या पोकळीत साचते आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतले काम उरकलेले असते. मग जुना पत्रा कापून नवा वेल्ड करा! मार्चअखेरीला सजवलेले ताळेबंद आम्ही पुष्कळ पाहिले. वरून रंगवलेले उंबरे त्याच जातीचे.

त्यातही एमजीबीवाला नशीबवान. त्याला १९८८ पासून नवा सांगाडासुद्धा विकत मिळतो. १९६१ साली आलेल्या जग्वार ई-टाइपचे मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नाहीत, मध्ये डिफरन्शियलला लागून आहेत. डिस्क बदलायची तर बहुधा मागचा सगळा जोड खाली उतरवावा लागतो. भाग स्वस्त, मजुरी भारी.

पण पैशापेक्षा मोठी अडचण माणसांची आहे. एमजीबीचे दोन एसयू कार्ब्युरेटर एका तालात आणायचे, तर जुने मिस्त्री कानाला रबरी नळी लावून दोन्हींतल्या हवेची सरसर ऐकत. तानपुऱ्याची जोडी लावावी तसे! ते कान आता थकले. संगणक जोडून दोष शोधणाऱ्या पोराला यात काय कळणार? त्याला तरी बोल का लावावा?

आपल्याकडे आणखी निराळे. शिशाचे पेट्रोल २००० साली गेले. त्याच्या भरवशावर बनलेल्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये भरून. मात्र मग ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची. रोज मंडईत न्यायची नाही. शिवाय बसणार दोघेच. नातवंडे गॅलरीतून हात हलवणार.

तरी घ्यायचीच असेल, तर फंडाला हात लावण्याआधी खिशात एक लोहचुंबक टाका. विकणारा इंजिन चालू करून दाखवील, हुड उघडझाप करील. तुम्ही गुडघे टेकून चुंबकावर कापड धरा आणि तो उंबऱ्यांवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.