अनुदान म्हणजे दान नव्हे



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक गृहस्थ पत्नीसह आमच्या भेटीस आले. गावात मिरची-मसाला कांडपाचे यंत्र घालावे असा उभयतांचा मानस. हाती एक अर्ज आणि मनात दलालाने भरविलेली समजूत. "फादर, सरकार अल्पसंख्याकांना पैसे देते. तीन वर्षे कशीबशी काढली की ते आपलेच, असे तो म्हणतो. त्याला मात्र आधी दहा हजार द्यायचे." या सीमाभागात कचेरीची भाषा कन्नड, आपली मराठी, म्हणून अशा दलालांचे फावते. त्या उभयतांस आम्ही जे सांगितले, तेच येथे लिहितो.

ही योजना म्हणजे २००८ साली सुरू झालेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. नव्या उद्योगास बँक कर्ज देते व सरकार त्यास अनुदानाची जोड देते. खेड्यातील सर्वसाधारण अर्जदारास एकूण खर्चाच्या शेकडा २५, तर अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, स्त्रिया इत्यादिकांस शेकडा ३५, असे अनुदानाचे प्रमाण ठरविण्यात आले. पहिल्याने स्वतःचे शेकडा १० घालावयाचे, दुसऱ्याने शेकडा ५.

समजा, काम ४ लाखांचे आहे. आपले २० हजार, बँकेचे ३ लाख ८० हजार. अनुदान १ लाख ४० हजार; परंतु ते हाती पडत नाही. तीन वर्षे ते बँकेतच ठेव म्हणून राहते. त्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. उद्योग खरोखर चालू आहे अशी पाहणी झाल्यावरच ते कर्जखाती वळते होते. बाकीचे २ लाख ४० हजार सव्याज आपणच फेडावयाचे. म्हणजे हे दान नव्हे. जो टिकून कष्ट करील त्याच्या खांद्यावरील ओझे हलके करणारा हात आहे.

अर्जास शुल्क नाही व मध्यस्थाची गरज नाही. जिल्हा उद्योग केंद्रात सरळ जाऊन विचारावे.

आणखी एक सल्ला कानी येतो: बाप्तिस्मा लपवून जुनी जात लिहावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये दलित ख्रिस्ती माणसास अनुसूचित जातीत स्थान नाही, ही वेदना आम्ही जाणतो. परंतु या योजनेत अल्पसंख्याकासही तेच ३५ आहेत. मग खोटे लिहून काय मिळवावयाचे?

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने उगीच दिला नाही. आम्ही विचारले, "उन्हाळ्यात मिरची येईल, पावसाळ्यात हप्ता कशावर भराल?" गृहस्थ गप्प राहिले. पत्नी म्हणाली, "फादर, सोबत पिठाची गिरणी घातली, तर बारा महिने दळण येईल." दोघे अर्ज घेऊन परत गेले, आता वीजबिल, भाडे व हप्ता मांडून पुन्हा येणार आहेत.

वाचकहो, न वाचलेल्या कागदावर सही करू नका. असा कागद कुणाच्या घरी असेल तर तो घेऊन आमच्याकडे या. आपण मिळून तो वाचू.