न्यायालयाचा माणूस दारात आला तर

मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक वडीलधारे गृहस्थ ओट्यापाशी थांबले होते. कुठल्याशा बालगृहाच्या चौकशीची बातमी त्यांनी वाचली होती. ‘फादर, सिस्टरांच्या घरात कोर्टाचो माणूस कित्याक शिरता?’ प्रश्नात राग होता, आणि रागामागे आपल्या संस्थांविषयीची माया होती. त्या दिवशी मी दोन वाक्यांत वेळ मारून नेली. आता सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या किनाऱ्यावरील अनेक घरांत तो असाच विचारला जातो.

आपण ‘सिस्टरांचे घर’ म्हणतो, तेथेच चूक होते. ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा असून सांभाळू शकत नाहीत, त्याचा सांभाळ ही शासनाची जबाबदारी आहे. शासन ती एखाद्या संस्थेकडे सोपविते. संस्था मायेने काम करते, पुष्कळदा तुटपुंज्या अनुदानावर करते, हे सर्व मान्य. परंतु सोपविलेली वस्तू सोपविणाऱ्याची असते, आणि येथे तर ती वस्तूही नव्हे, जिवंत लेकरू आहे.

हा वाद नवा नाही. मुंबईची चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 साली स्थापन झाली. नोंदणी खासगी संस्थेची, पण राज्याचे मुख्यमंत्री तिचे पदसिद्ध अध्यक्ष. तिच्या मानखुर्द येथील निरीक्षणगृहाच्या कारभाराबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी तक्रार केली. मुलांना पालकांकडे परत पोहोचविण्यात होणारा विलंब, मोबदला न देता करवून घेतले जाणारे काम, दाखल झालेल्या मुलांच्या पाठपुराव्याचा अभाव, असे तिचे स्वरूप होते. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर 1986 मध्ये निकाल लागला : ही सोसायटी राज्यघटनेच्या अनुच्छेद 12 च्या अर्थाने ‘राज्य’च मानली पाहिजे. म्हणजे खासगी संस्थेची पाटी लावून घटनेच्या बंधनांतून सुटता येणार नाही. या निकालाची आठवण आपल्यापैकी किती संस्थाचालकांना आहे, हे विचारण्याचे धाडस मला होत नाही.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, 2010 साली, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहाची भीषण बातमी आली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने अशा गृहांना भेटी दिल्या. 2011 साली पनवेलनजीकच्या एका गृहातील मतिमंद मुलींवरील अत्याचार उजेडात आले ते या भेटींमुळेच. 2013 साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरविले. ज्या मुलींना आपले दुःख सांगण्यासाठी धड शब्दही नव्हते, त्यांच्यासाठी न्यायालयाचा माणूस दारात आला नसता तर कोण आले असते? पनवेलला शासनाची कचेरी तेव्हाही होती.

न्यायालयाने नेमलेल्या समितीला आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो येथे घ्यावा. अशी समिती ही आणीबाणीची तजवीज आहे. खटला चालू असेतो ती असते, आणि ती नेमावी लागते याचाच अर्थ नित्याची देखरेख कोलमडली आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 54 प्रमाणे निरीक्षण समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक गृहास भेट द्यावयाची आहे. पथकात किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, आणि आठवड्याभरात अहवाल द्यावा. इतके स्पष्ट लिहिलेले असताना तालुक्याच्या गावी हे पथक वेळेवर येते का, हे विचारणारा पालक मला अजून भेटलेला नाही. ‘कशाला येता?’ असे विचारणारे मात्र रोज भेटतात.

आता आपल्या घरचे. 2018 साली मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या रांची येथील आश्रयगृहातील एक कर्मचारी महिला व एक धर्मभगिनी यांना मुले विकल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोपाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम, माझे नव्हे. पुढे केंद्र शासनाने त्या संघाची देशभरातील गृहे तपासण्याचा आदेश दिला, आणि आपल्याकडे संताप उसळला. एकाच संघाला वेगळे काढणे अन्यायाचे होते, हे मीही म्हणतो. पण त्यावर आपली मागणी काय असावयास हवी होती? सर्वांची तपासणी करा, ही. आपण मागितले ते आपल्यापुरते अभय. पांढऱ्या झग्याकडे पाहून कोणी दार उघडण्याचा आग्रह धरू नये, ही अपेक्षा ख्रिस्तसभेला जगभर किती महाग पडली, हे आयर्लंडच्या चौकशी आयोगाने 2009 साली आपल्या अहवालात नोंदवून ठेवले आहे.

हे मी बाहेर उभा राहून लिहीत नाही. नवदीक्षित असताना एका बालगृहात मी आठवड्यातून दोनदा जात असे. नाव सांगत नाही, कारण तेथील भगिनी कष्टाळू होत्या. तपासणीचा दिवस आधीच कळत असे. आदल्या सायंकाळी कपाटातून नव्या चादरी निघत आणि मुलांना स्वागतगीत शिकविले जाई. ते शिकविणारा मी. साहेब आले, चहा घेतला, शेरा लिहिला. ते गेल्यावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा आपल्या खाटेवरील चादर स्वतःच घडी घालून कपाटाकडे नेत होता. मी त्याला काही विचारले नाही. त्याला मुळी कोणीच काही विचारले नव्हते, साहेबांनीही नाही.