डोंगर हाच वर्ग

पोरगं पदवीधर झालं की आपल्या घरांत पहिली चौकशी होते ती खुर्ची-टेबलाच्या नोकरीची. आम्हीही कारकुनीच करतो, तिला नावे ठेवणार नाही. पण मुलांना डोंगरावर नेऊन शिकविणे हाही पोटापाण्याचा मार्ग आहे, हे पालकांनी जाणून घ्यावे.

२५ मे २०१४ रोजी पूर्णा मालावत आणि आनंद कुमार एव्हरेस्टवर पोहोचले. दोघेही आजच्या तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. शेतमजुरांची लेक पूर्णा तेव्हा १४ वर्षांचीही नव्हती. भोंगीरच्या खडकावर त्यांना दोर धरायला शिकविणारे प्रशिक्षक नसते, तर हे घडले असते काय?

असे प्रशिक्षक व्हायचे तर उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि शेवटी शिकविण्याचा अभ्यासक्रम, अशा पायऱ्या आहेत. दोराच्या गाठी आणि प्रथमोपचार तेथे शिकता येतात. खरी कसोटी पुढे आहे. मागे पडलेल्या मुलाच्या चालीने तुकडी न्यायची, वरचेवर डोकी मोजायची आणि आभाळ फिरले की माथा हाताशी असतानाही ‘परत फिरा’ म्हणायचे.

असे शांत डोके तुमच्या मुलाकडे असेल, मुलीकडे असेल, तर बंधु-भगिनींनो, तिला उंबऱ्यात अडवू नका.