सात चित्रपटांची उतरंड

आवडीनिवडींना क्रमांक लावू नयेत, असे शहाणी माणसे सांगत आली आहेत. आणि तीच माणसे पंगतीत बसली की श्रीखंड वरचढ की पुरणपोळी, यावर हात वाळेपर्यंत वाद घालीत आली आहेत. क्रम लावण्याचा लाभ निकालात नसतोच. एक वस्तू दुसरीच्या वर का ठेवली, याचे उत्तर देताना आपल्याला मुळात काय हवे होते, ते आपले आपल्यालाच उमगते. म्हणून या महिन्याच्या पानात २०११ ते २०२० या दशकातील मराठी चित्रपटांची एक उतरंड रचण्याचे योजिले आहे.

हेच दशक का, तेही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली प्रथम दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने मिळविला. त्यानंतर तो मान मराठीकडे 'श्वास'च्या रूपाने परत येईपर्यंत पन्नास वर्षे लोटली. आणि या एका दशकात 'देऊळ', 'कोर्ट' व 'कासव' अशी तीन मराठी चित्रपटांना सुवर्णकमळे लाभली. एवढे पीक आले की निवड करणे भागच पडते. दशकाची मोजणी एकापासून दहापर्यंत केल्यामुळे १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेला 'नटरंग' कुंपणाबाहेर राहतो, याची हळहळ वाटते. परंतु कुंपण एकदा घातले की ते पाळले पाहिजे.

आता कसोटीविषयी. अभिनय, छायालेखन, संगीत यांची परीक्षा करणारे जाणकार पुष्कळ आहेत. आपली कसोटी निराळी आहे, कारण आपली घरे निराळी आहेत. हैदराबादेतील आपल्यापैकी अनेक कुटुंबे कोठून स्थलांतर करून आलेली नाहीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. सीमा हलली, घरे जागच्या जागी राहिली. तेव्हापासून मराठी ही आपली उंबरठ्याच्या आतली भाषा झाली. ती आपण निगुतीने जपली. परंतु जपलेल्या वस्तूवर जशी काच बसते, तशी आपल्या महाराष्ट्रावरही बसली. आपला महाराष्ट्र म्हणजे नाट्यसंगीत, दिवाळी अंक, वारी आणि आजोळच्या आठवणी. तेव्हा मी प्रत्येक चित्रपटाला एकच प्रश्न विचारला: काचेआडचा महाराष्ट्र याने पुन्हा दाखविला, की आपण न पाहिलेला महाराष्ट्र उंबरठ्याच्या आत आणला? उतरंडीत लहान मडके वर असते व सर्वांत मोठे तळाशी. म्हणून वरूनच आरंभ करू.

सातवा क्रमांक 'कट्यार काळजात घुसली' (२०१५). पुरुषोत्तम दारव्हेकरांचे मूळ नाटक १९६७ चे, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे. वसंतराव देशपांडे यांनी रंगभूमीवर अजरामर केलेल्या खाँसाहेबांना चित्रपटात त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी गळा दिला, आणि महेश काळे यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुबोध भावे यांचा हा पहिलाच दिग्दर्शनाचा प्रयत्न. आपल्या घरांत याचे जे स्वागत झाले, ते मनापासूनचे होते; तानपुरा लागला की आजी आणि नातू एका बाकावर येतात, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही तो सर्वांत वर, म्हणजे सर्वांत लहान ठरला, कारण त्याने आपल्याला आपलेच धन सुंदर वेष्टनात परत दिले.

सहावा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). परेश मोकाशी यांचे पंढरपूर हे विठ्ठलाचे आहे तसेच तेथे राहून पोट भरणाऱ्यांचेही आहे. वडील वारलेले, आईचे स्वेटर विणण्याचे यंत्र कर्जापायी गेलेले, आणि वडिलांनी घडविलेली 'एलिझाबेथ' नावाची सायकल विकली जाऊ नये म्हणून ऐन यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडणारी पोरे. आपण पंढरपुरास जातो ते दर्शनाला. गर्दीच्या पलीकडे, त्या गर्दीवर ज्यांची चूल पेटते त्यांच्या घरात हा चित्रपट आपल्याला नेतो, आणि तेही हसवीत नेतो. घरातील आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावा, असा हा एकच या यादीत आहे.

पाचवा 'देऊळ' (२०११). केशा नावाच्या साध्या गुराख्याला रानात दत्ताचा भास होतो, आणि पाहता पाहता गावात देऊळ, दुकाने, ध्वनिफिती, पुढारी असा सगळा बाजार उभा राहतो. त्या गर्दीत ज्याला देव दिसला होता तोच परका होतो. उमेश कुलकर्णी यांचे दिग्दर्शन, गिरीश कुलकर्णी यांचा अभिनय व संवाद. दोहोंचाही राष्ट्रीय पुरस्कारांत सन्मान झाला. परप्रांतात मराठी माणसे एकत्र येतात ती बहुधा गणेशोत्सवाच्या वा देवळाच्या निमित्ताने. वर्गणीची पावती फाडताना या केशाची आठवण व्हावी, म्हणून हा चित्रपट पाचवा.

चौथा 'किल्ला' (२०१५). अविनाश अरुण यांनी स्वतःच चित्रित केलेल्या या पहिल्या चित्रपटाला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षकमंडळाने स्फटिक अस्वल बहाल केले. कथा एका ओळीची: वडील नुकतेच गेलेले, आईची सरकारी नोकरीत कोकणात बदली झालेली, आणि अकरा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत मित्र शोधतो आहे. बदली, बिऱ्हाड, नवा वर्ग, मागच्या बाकावरची जागा: परगावी स्थिरावलेल्या कोणत्या मराठी घराला हे शब्द अनोळखी आहेत? आपल्या वडिलधाऱ्यांनी तो एकटेपणा कधी बोलून दाखविला नाही. अमृता सुभाष यांनी साकारलेली आईही फारसे बोलत नाही. पण कचेरीतून थकून आलेली ती बाई पाहताना आपल्या घरातील कोणाचा तरी चेहरा समोर येतो.

तिसरा 'सैराट' (२०१६). नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाने शंभर कोटी रुपयांचा गल्ला ओलांडला आणि अनेक भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या, हे सर्वश्रुत आहे. आपल्याला महत्त्वाचे आहे ते हे, की आर्ची आणि परशा पळून येतात ते हैदराबादला. गावात ट्रॅक्टर आणि बुलेट चालविणारी, भल्याभल्यांना दरडावणारी आर्ची आपल्या शहरात येते आणि एकाएकी मुकी होते. कारण येथे तिची भाषा कोणाला कळत नाही, आणि तिचे आडनावही कोणाला कळत नाही. पहिल्या गोष्टीने ती रडते, दुसरीने ती वाचते. झोपडपट्टीतील सुमनअक्का दोघांना आसरा देते, आर्ची कारखान्यात राबते, हळूहळू तेलुगू शिकते. परभाषेच्या गावात माणूस कसा रुजतो, ते इतक्या खरेपणाने मराठी पडद्यावर क्वचितच आले असेल. पुढे एके दिवशी माहेरची माणसे आईने पाठविलेल्या वस्तू घेऊन दारात उभी राहतात. गावाकडची माणसे आली, या वाक्याने आपल्या घरांत आजवर आनंदच झाला आहे. चहाचे आधण ठेवणाऱ्या आर्चीला पाहिल्यावर ते वाक्य पूर्वीसारखे ऐकू येत नाही. या चित्रपटाचे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे तेलुगू भाषक. 'देऊळ'ही त्यांनीच टिपला आणि पुढे 'नाळ' (२०१८) स्वतः दिग्दर्शित केला. मराठी मातीचे हे रंग एका तेलुगू डोळ्याने पाहिलेले आहेत, याचे कौतुक आपण हैदराबादकरांनी नाही करायचे, तर कोणी?

दुसरा 'कोर्ट' (२०१५). चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर. त्यांच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. २०२१ मध्ये ते निवर्तले. चित्रपट कोणाला खलनायक ठरवीत नाही. सरकारी वकील असलेली मराठी बाई दिवसभर न्यायालयात शांतपणे कठोर मागण्या करते, घरी येऊन स्वयंपाक करते आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. नाटक आहे परप्रांतीयांना हुसकावून लावणारे, आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजविते. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला हा प्रसंग विचारात पाडील. आपल्याला तो खुर्चीत बसू देत नाही. कारण येथे परप्रांतीय आपण आहोत. उद्या आपल्या शहरातील एखाद्या रंगमंचावर आपल्याविषयी असेच नाटक झाले, तर टाळ्या वाजविणारे लोकही असेच सज्जन, कुटुंबवत्सल असतील. हे एवढ्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही.

आणि तळाशी, सगळी उतरंड तोलून धरणारा पहिला: 'फँड्री' (२०१४). हाही मंजुळे यांचाच, आणि त्यांचा पहिला मोठा चित्रपट. जब्या नावाचा शाळकरी मुलगा वर्गातल्या शालूवर जीव टाकतो, काळी चिमणी शोधीत रानोमाळ भटकतो, आणि गावातील डुकरे पकडण्याचे काम वाट्याला आलेल्या आपल्या कुटुंबापासून तोंड लपवितो. डुक्कर धरता धरता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, डुक्कर निसटते. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून नेताना शाळेच्या भिंतीवर थोर पुरुषांची चित्रे दिसतात. या प्रसंगांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला थांबविले ते शीर्षकाने. 'फँड्री' हा कैकाडी बोलीतील शब्द, अर्थ डुक्कर. जब्याच्या घरी बोलली जाणारी ही बोली मराठी नाही. ती द्राविड कुळातील आहे, म्हणजे आपल्या दाराबाहेरच्या तेलुगूची आप्त.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी: ही तर आपली कहाणी! आपण तिचा अभिमान बाळगतो, तिच्यासाठी मंडळे चालवितो, मासिके काढतो. परक्या मुलुखात भाषा टिकविली म्हणून आपला सत्कार होतो. आणि महाराष्ट्राच्या पोटात, मराठी गावाच्या कडेला, एका घराने अशीच आपली भाषा टिकविली, तर गावातली पोरे त्याच भाषेतला शब्द उचलून त्या घरातल्या मुलाला दगडासारखा मारतात. भाषा जपणे ही एकाची प्रतिष्ठा आणि दुसऱ्याची हेटाळणी का व्हावी, याचे उत्तर भाषेत नाही, उतरंडीत आहे. जब्या शेवटी जो दगड भिरकावितो तो थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो. आपण महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर राहतो, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

यादीबाहेर राहिलेल्यांपैकी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे 'अस्तु' आणि 'कासव' यांच्यासाठी स्वतंत्र पान लागेल. विस्मृती आणि नैराश्य या घराघरांत दडविल्या जाणाऱ्या दुखण्यांवर ते लिहिता येईल. 'नटसम्राट'चे (२०१६) चाहते रागावतील, तेही मी जाणून आहे.

एक सूचना करून थांबतो. यांतील बहुतेक चित्रपटांच्या प्रती इंग्रजी उपशीर्षकांसह मिळतात. आपल्या घरांत आता तेलुगू सुना आहेत, हिंदी भाषक जावई आहेत, मराठी ऐकून समजणारी परंतु वाचू न शकणारी नातवंडे आहेत. त्यांना केवळ 'कट्यार' दाखवून थांबू नये. 'फँड्री' दाखवावा, आणि तो संपल्यावर दूरदर्शनसंच बंद करून मुलांचे प्रश्न येऊ द्यावेत. काही प्रश्नांना आपल्यापाशी उत्तर नसेल. पण ते प्रश्न मराठीत विचारले जातील, आणि आजच्या महाराष्ट्राविषयी विचारले जातील.