इशारा एक, ऐकणारे अनेक

मराठवाड्यात विजेचा धोका विशेषतः दोन काळांत वाढतो. एक, एप्रिलपासून मृगाच्या सरींपर्यंत. दुसरा, परतीच्या पावसात. या दिवसांत ‘विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता, सुरक्षित स्थळी थांबावे’ असा इशारा हवामान विभाग जिल्हावार देत असतो. तरीही शेतात वीज पडून माणसे व जनावरे दगावतात. ‘लोक ऐकतच नाहीत’ असे म्हणून या प्रश्नाची वासलात लावणे योग्य नव्हे. लोक ऐकतात, परंतु ज्याची जशी अडचण, तसा तो इशाऱ्याचा अर्थ लावतो.

उदगीर भागातील सोयाबीन उत्पादकाचे उदाहरण घ्यावे. ऑक्टोबरात कापलेल्या पिकाची गंजी शेतात उभी असते व वर्षाची मिळकत तीत अडकलेली असते. इशाऱ्यातील ‘पाऊस’ हा शब्द कानी पडताच तो ताडपत्री घेऊन शेताकडे धावतो. ज्या इशाऱ्याने त्याने घरी थांबावयाचे, तोच इशारा त्याला उघड्या आभाळाखाली नेतो. अशा शेतकऱ्यास ‘घरी थांबा’ असे सांगून भागत नाही. ‘सकाळीच गंजी झाका, ताडपत्री दोरांनी आवळा, आभाळ भरल्यावर शेतात जाऊ नका’ असे सांगितले, तर पीक व जीव दोन्ही वाचतात.

रोजाने आलेल्या मजूर स्त्रियांची स्थिती निराळी आहे. गडगडाट त्यांनाही ऐकू येतो. पण काम सोडल्यास रोज बुडेल, ही धास्ती असते. येथे इशारा मजुराला नव्हे, शेतमालकास व मुकादमास द्यावयास हवा. गडगडाट होताच काम थांबेल व त्याबद्दल मजुरी कापली जाणार नाही, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.

गुराख्याजवळ मोबाइल असेलच असे नाही. सरी आल्या की तो चिंचेचा किंवा लिंबाचा आसरा घेतो, आणि तेथेच धोका अधिक असतो. त्याला एक साधी खूण पुरते. वीज चमकल्यापासून ३० आकडे मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. तत्काळ पक्क्या इमारतीत जावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. उघडी पत्र्याची शेड सुरक्षित नव्हे.

शिवाय उदगीर हा सीमेवरचा मुलूख. येथे मराठीबरोबर कन्नड व उर्दू बोलली जाते, तांड्यांवर बंजारा बोली चालते. मराठीतील छापील सूचना तेथे पोहोचल्या, तरी समजल्या असे धरून चालू नये. तांड्यातील जाणत्या माणसाने आपल्या बोलीत सांगितलेले अधिक मानले जाते.

इशारा जिल्ह्यास असतो आणि वीज एखाद्याच शिवारात पडते. त्यामुळे चार वेळा काही न घडल्यास पाचव्या वेळी लोक तो खोटा मानतात. म्हणून जिल्ह्याच्या इशाऱ्यावरून दिवसाच्या कामाची आखणी करावी आणि प्रत्यक्ष थांबण्याची वेळ गडगडाटावरून किंवा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवरून ठरवावी, हा फरक गावात समजावून द्यावा.

वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. पण घरचा कर्ता माणूस त्याने परत येत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने किती जणांस संदेश पाठविला याची नोंद ठेवून थांबू नये. गडगडाट झाला तेव्हा कोणत्या शिवारातील काम थांबले व कोठे चालू राहिले, याची चौकशी करावी. जेथे काम चालू राहिले, तेथील अडचण जाणून पुढील सूचना द्यावी.